काटाताई आणि छोटे सर

पार्सल ऑफिसात त्यांना सगळे काटाताई म्हणत. गिऱ्हाइकाने खोकं पुढे सरकवलं की त्या ते आधी दोन्ही हातांवर घेत, क्षणभर डोळे मिटत आणि वजन सांगून टाकत. मग खोकं वजनकाट्यावर चढे आणि काटा बहुतेक वेळा त्यांच्या होला हो करी. "मशीन बंद पडलं तर चालेल, ताईंनी रजा टाकायची नाही," असं हमालांचं म्हणणं होतं. वाटेत भिजलेलं पार्सल, आत काच फुटलेलं पार्सल, कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलेलं पार्सल, सगळं त्यांच्या तळव्यांना आधी कळे, डोक्याला नंतर.

घरी मात्र हेच नाव उलटायचं. वरच्या मजल्यावर थोरले दीर आणि जाऊबाई राहत. जाऊबाईंच्या गॅलरीत इतकी हिरवळ माजलेली की माणसाला उभं राहायला जागा नव्हती. त्यांनी कौतुकाने दिलेलं प्रत्येक रोप खाली आलं की मान टाकी. मनीप्लांट गेला, पुदिना गेला, शेवटी कोरफडही गेली.

"कोरफड मारायला अंगात कला लागते गं," जाऊबाई म्हणाल्या.

"काटाच तो, बोचायचाच," दिरांनी पुस्ती जोडली.

काटाताई हसल्या. रिकाम्या कुंड्या त्यांनी माळ्यावर टाकल्या आणि हा विषय आपल्यापुरता मिटवला.

तो उकरून काढला लेकीने. मोठी सुट्टी लागली त्या दिवशी ती शाळेतून आली ती छातीशी चिनी मातीच्या भांड्यात बसवलेली नेच्याची कुंडी धरून. हा नेचा वर्गात सरांच्या टेबलावर असे. सर बाहेर गेले की मुलं त्यालाच 'छोटे सर' म्हणत आणि त्याच्याकडे बघत शहाण्यासारखं बसल्याचं सोंग करत. सुट्टीत छोट्या सरांना कोण सांभाळेल, असं सरांनी विचारलं, आणि लेकीने हात वर केला.

कुंडी तिच्या हातून आपल्या हातात घेताना काटाताईंना गलबलून आलं, आणि लगेच धास्तीही वाटली. त्यांची ही मुलगी वर्गात बोलत नसे. घरी तोंडाचा पट्टा सुरू, पण शाळेचं फाटक दिसलं की दातखीळ. रोज सकाळी हिचं पोट दुखे, नाहीतर बूट सापडत नसे. वर्षभरात तिने वर्गात आपणहून केलेली ही पहिली गोष्ट. आणि केलं काय, तर एक जिवंत झाड माझ्या घरात आणलं, असं काटाताईंच्या मनात आलं. शाळा उघडल्यावर ही पोर सगळ्यांसमोर रिकामी कुंडी घेऊन उभी राहिली, तर पुन्हा कधी हात वर करेल का?

सुरुवातीच्या दुपारी स्वप्नातल्यासारख्या गेल्या. काटाताई सकाळची पाळी संपवून येत तेव्हा घर गुंगीत असे. खिडकीतला उजेड नेच्याच्या पानांतून गाळून जमिनीवर उतरे आणि खोलीच्या तळाशी हिरवट पाणी साचल्यासारखं वाटे. लेक त्या पाण्यात पालथी पडून छोट्या सरांना काहीबाही सांगत राही, अगदी हळू. वाऱ्याची झुळूक आली की पानं माना डोलवत. काटाताई भिंतीला टेकून अर्धवट झोपेत ते कुजबुजणं ऐकत. आपण कुठल्याशा तळ्याकाठी बसलो आहोत आणि इथून उठायचं काहीच कारण नाही, असं त्यांना वाटे.

मग त्या उठत आणि झाडाला पाणी घालत.

सकाळी निघताना घालत, आल्यावर घालत, निजण्याआधी पुन्हा थोडं. माती जरा कोरडी दिसली की त्यांचा जीव वरखाली होई. पहिलं पान पिवळं पडलं तेव्हा त्यांनी पाणी वाढवलं. आणखी पानं लोंबली तेव्हा आणखी वाढवलं. ते झाड तहानेने मलूल झालेल्या मुलासारखं दिसत होतं, मग दुसरं करणार काय?

एकदा जाऊबाई डोकावल्या. नेच्याची पानं बोटावर उचलून त्यांनी ओठ मुडपले.

"अगं, पाणी घालतेस की न्हाऊ घालतेस? हे काही खरं नाही. माझ्याकडे दे वर. नाहीच जगलं तर असलंच दुसरं आणू. पोरांना काय कळतंय."

"काकू, मी सांभाळीन असं सांगितलंय," लेक दारातून म्हणाली.

"मग वर येऊन सांभाळ."

"वर नाही. आमच्या घरी सांभाळीन, असं सांगितलंय."

"बॅरिस्टर आहे गं तुझी पोर," जाऊबाई हसल्या. "शाळेत कुठे जातं हे तोंड?"

लेक आत निघून गेली. जाऊबाईंना चुटपुट लागली. "मेली माझी जीभ," असं पुटपुटत त्या जिना चढल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी लेकीचा डोळा लागलेला पाहून काटाताईंनी मन घट्ट केलं. नेचा वर नेऊन द्यायचा. रुसेल चार दिवस, पण झाड तर वाचेल. त्या वाकल्या, कुंडी बाहेरच्या चिनी मातीच्या भांड्यासकट दोन्ही हातांवर घेतली, आणि सवयीने त्यांचे डोळे मिटले.

हे ते पार्सल नव्हे, असं तळवे म्हणत होते.

लेकीच्या हातून घेतली तेव्हा कुंडी हलकी होती. आता निम्मी पानं गळून गेली होती, आणि तरी ती जड लागत होती.

"भिजलंय," त्या मोठ्याने म्हणाल्या, काउंटरवर म्हणत तशाच.

त्यांनी आतली कुंडी उपसून काढली. बाहेरच्या भांड्यात पाणी तुंबलं होतं आणि त्याला कुबट वास येत होता. झाड तहानलेलं नव्हतंच. ते इतके दिवस त्यांच्या हातून बुडत होतं.

"मेलं?" मागे लेक उभी होती.

"नाही. भिजलंय. ऑफिसात भिजलेलं पार्सल हमाल वाऱ्यावर ठेवतात आणि कुणाला हात लावू देत नाहीत. तसं करू."

दोघींनी सडलेली पानं कापली. कुंडी उलट्या ताटलीवर ठेवली. आणि मग काटाताईंना आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम करावं लागलं, ते म्हणजे काहीच न करणं. रोज दुपारी दोघी आळीपाळीने कुंडी उचलत, डोळे मिटून.

"अजून जड," काटाताई म्हणत.

"कालच्यापेक्षा कमी," लेक म्हणे, आणि तिचं बरोबर असे.

मध्येच काटाताईंचा हात नकळत पाण्याच्या पेल्याकडे जाई. लेक तो पेला काढून घेई आणि स्वतः पिऊन टाकी. कुंडी पिसासारखी लागेल तेव्हाच घोटभर पाणी, असं तिने आईला बजावलं होतं. घराला पुन्हा ती दुपारची गुंगी चढू लागली. फक्त जमिनीवर आता हिरवं कमी आणि पांढरं ऊन जास्त होतं. अशाच एका दुपारी मातीतून एक कोंब वर आलेला दिसला, मुठीत काहीतरी दडवल्यासारखा गुंडाळलेला.

शाळा उघडली तेव्हा पानं मोजकीच होती.

"टक्कल पडलंय सरांना," जाऊबाई म्हणाल्या, आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवला.

फाटकापाशी काटाताई म्हणाल्या, "मी आत येऊन सरांना सांगते."

"नको," लेक म्हणाली आणि कुंडी घेऊन आत गेली.

त्या दिवशी काउंटरवर काटाताईंचं एकही वजन जुळलं नाही. हमाल एकमेकांना खुणा करत होते.

परतीच्या वाटेवर लेक पुढे पुढे चालत होती.

"हसली का गं मुलं?" शेवटी काटाताईंनी विचारलं.

"हसली. सरांनी विचारलं, याला काय झालं?"

"मग?"

"मग मी सांगितलं. आईने बुडवलं आणि मग आम्ही दोघींनी वाचवलं."

"सगळ्यांसमोर?"

"सगळे तिथेच होते, आई. मग सगळ्यांनी उचलून बघितलं. कुणाला काही कळत नाही. सर म्हणाले, पाणी कधी घालायचं ते तू सांगायचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी काटाताई एक वेणी घालून दुसरी घ्यायला वळल्या, तर समोर पोर नव्हती. बूट चढवून ती जिना उतरत होती.

"अगं, केस," त्यांनी वरून हाक मारली.

"उशीर होतोय," खालून आवाज आला. "बाकीचे यायच्या आत छोट्या सरांना उचलायचंय."

हातात कंगवा घेऊन काटाताई दारातच उभ्या राहिल्या.