हापशीवरची माय

जगात परकं माणूस असतं, हे आमच्या काकूला आजवर कोणीही पटवून देऊ शकलेलं नाही. रिठदहून वाशिमला जाणाऱ्या एसटीत ती शेजारच्या बाईचं माहेर, सासर आणि जावेशी झालेलं भांडण उतरायच्या आत काढून घेते. आई दम्यानं थकलेली, म्हणून माझ्या बायकोच्या बाळंतपणाला काकू थेट झिम्बाब्वेत आली, तेव्हा मला काळजी वाटली ती झिम्बाब्वेची.

मी तिथल्या एका खेड्याजवळ पंप बसवायच्या कामावर आहे. घरात नळ असताना काकू दुसऱ्याच सकाळी भांडं घेऊन हापशीवर निघाली. "नळासंगं काय बोलू मी?" म्हणाली. हापशीवरच्या बायका डोक्यावर फडक्याची चुंबळ ठेवून पाणी नेतात. काकूनं एकीची चुंबळ उलटसुलट पाहिली, नाक मुरडलं आणि स्वतः घट्ट पिळून दाखवली. त्या बायका गुडघ्यात वाकून, ओंजळीनं हलक्या टाळ्या वाजवत नमस्कार करतात. काकूही वाजवू लागली, फक्त तिच्या टाळ्या आरतीच्या ठेक्यात जात. मक्याच्या पिठाचा त्यांचा सादझा चाखून "कण्याच त होय!" असा निकाल देऊन ती दुसऱ्या दिवशी ठेचा घेऊन गेली. त्या दिवशी हापशीला उसंत नव्हती. ही वऱ्हाडीत बोले, त्या शोना भाषेत. कसं कळतं म्हणून विचारलं तर म्हणे, "काहून नाही कळनार? सासूचंच त बोलून राह्यल्या!"

तिथे लेकुरवाळीला लेकराच्या नावानं हाक मारतात. तेंडाईची आई ती 'माय तेंडाई'. माय म्हणजे अगदी आपली मायच, योगायोग बघा! एकदा हापशीजवळून जाताना ऐकलं, तर सगळ्या काकूला 'माय प्रकाश' म्हणत होत्या. प्रकाश म्हणजे मी. काकूला मूलबाळ नाही.

घरी विचारलं, तर ती भाजी निवडतच राहिली. "त्याईनं इचारलं, कोनाची माय? मंग म्या तुह्यं नाव घेतलं. घेतल्यानं झिजलं का थे?" आणि मग हळूच, "तुह्या मायले नोको सांगू, बाप्पा." गावात बारशाला तिच्या हाती पाळण्याची दोरी देत नसत, ते मला आठवलं. फार वाईट वाटलं.

मी कशाला सांगतोय! पण काकू परत निघायच्या आदल्या दिवशी आईचा व्हिडिओ कॉल आला आणि नेमकी माय तेंडाई निरोप द्यायला आलेली. तिनं फोनमध्ये डोकावून, काकूच्या खांद्यावर हात ठेवून आईला मोठ्या कौतुकानं सांगितलं, "माय प्रकाश!" अख्ख्या शोना भाषेतला नेमका तेवढाच शब्द आईला कळण्यासारखा. काकूचा चेहरा खाडकन उतरला. तिनं पदर तोंडाला लावला.

आईनं फोन तोंडाजवळ ओढला. मग म्हणाली, "बरोबर म्हनते थे. पन तिले सांग वं, प्रकाशची एक माय इकडंबी हाये."

काकूनं सांगायला तोंड उघडलं. तिला तेवढी वऱ्हाडीही सुचेना.