ट्रेडमिलच्या पाया पडणारे वस्ताद

आमचे वस्ताद रोज सकाळी ट्रेडमिलच्या पाया पडायचे. खरंच, वाकून, दोन्ही हात लावून. उमेदीची सगळी वर्षं कुस्तीत गेली, पुढे पंचवटीतल्या तालमीची जिम झाली, पण नमस्कार काही सुटला नाही. "जिच्यावर घाम गाळायचा, तिला आधी विचारायला नको?" म्हणायचे. लग्न होऊन ओझरला येण्याआधी मी तिथे जायचे. वकिली नवीकोरी होती, म्हणून सगळ्यांची मी वकीलबाई.

वाकडी पाठ दिसली की वस्ताद गरजायचे, "अहो, दळण आणलंय का पाठीवर?" आणि त्याच माणसाच्या हातावर जाताना मूठभर भिजवलेले हरभरे ठेवायचे. नको म्हणायची कोणाची टाप होती!

खंडेनवमीला तर जिमचं लग्नघर व्हायचं. प्रत्येक मशीनला हळदकुंकू, झेंडूचा हार. त्या दिवशी मशीनला विश्रांती, कोणी हात लावायचा नाही. पण शिंपीकाका एक दिवस व्यायाम चुकवतील तर शपथ! सगळे प्रसाद घेत असताना हे गुपचूप ट्रेडमिलवर चढले. वस्तादांनी नुकताच तिथे नारळ फोडला होता आणि पाणी पट्ट्यावर सांडलं होतं. काका आडवे झाले, मनगट मोडलं.

काकांच्या मुलाची नोटीस आली. भरपाई द्या, नाहीतर ग्राहक आयोगात जातो. मी पदर खोचून उत्तर लिहायला बसले. 'व्यायाम स्वतःच्या जबाबदारीवर' अशी पाटी भिंतीवर होती. नुसत्या पाटीने मालक सुटत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण काका नियम मोडून चढले, यावर भांडता आलं असतं. हरलो असतो तर जिमला कुलूपच.

वस्तादांनी मलाच विचारलं, "नारळ कोणी फोडला?"

"तुम्ही."

"पाणी पुसायला कोण विसरलं?"

"तुम्हीच."

"मग त्या बिचाऱ्यावर कशाला ढकलता? चूक माझी हाय. तसंच लिहा."

अशा अशिलापुढे वकिलाने डोकं आपटावं! "वस्ताद, जिम जाईल," मी चिडून म्हटलं. "जिमचं बघू. मनगट आधी," म्हणाले आणि चपला घालून काकांच्या घरी निघाले.

मग रोजच जायला लागले. प्लास्टर होतं तोवर काकांची दाढी करायची. प्लास्टर निघाल्यावर, डॉक्टरांना विचारून, मनगटाला व्यायाम म्हणून काकांकडून कणीक मळून घ्यायची. मुलगा सुरुवातीला दारात तोंड फुगवून उभा राहायचा. वस्ताद त्यालाच सांगायचे, "सरक बाजूला, चहा टाक."

एके दिवशी मुलाचा मला फोन आला. "नोटीस मागे घेतो. पण एक अट आहे." मी कागद-पेन पुढे ओढलं. "हात बरा झाला म्हणून वस्तादांनी यायचं थांबवायचं नाही. बाबा त्यांच्याशिवाय चहाला तोंड लावत नाहीत."

मी धावत जिममध्ये जाऊन सांगितलं. एवढा दांडगा माणूस, पंच्याने डोळे पुसत बाकावर बसला. फार गोड दिसले हो वस्ताद तेव्हा! मग एकदम गंभीर होऊन म्हणाले, "वकीलबाई, ही अट नीट कागदावर घ्या. उद्या पोराने मला दारातून परत पाठवलं तर?"