बाळूचे काका

आमच्या मंगळवार पेठेतल्या शेजारच्या काकांइतका, दुसऱ्याचं सगळं ऐकून वर 'मी कुणाचं ऐकत न्हाय' म्हणणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात सापडणार नाही. मी प्राण्यांसाठी काम करते, पत्रकं वाटते आणि मला राग पटकन येतो. काकांनी दोन म्हशींच्या राखणीला थेट हिमालयाकडचं, मेंढरांमागं हिंडणाऱ्या जातीचं कुत्र्याचं पिल्लू आणलं, आणि बघता बघता ते रेडकाएवढं झालं. तेव्हा 'डोंगरातली कुत्री शहरात कोंडू नका' असं पत्रक काढून पहिली प्रत मी त्यांच्याच गोठ्याच्या दाराला चिकटवली. काकांनी ती फाडली नाही. चष्मा लावून कुत्र्याला मोठ्यानं वाचून दाखवली. "बाळू, ऐक. तुझं छापून आलंय."

बाळू म्हणजे ते केसाळ धूड. काका त्याला पांढरा रस्सा पाजायचे. कांदा-लसूण कुत्र्याला विष आहे, म्हणून मी भांडायला गेले, तर म्हणाले, "कोल्हापुरात ऱ्हाऊन रस्सा न्हाय? मग ह्यो इथं आला कशाला?"

"तेच मी विचारतेय, काका."

दुसऱ्या दिवसापासून बाळूच्या ताटलीत बिनमसाल्याचं उकडलेलं मटण आणि भाकरी. विचारलं तर म्हणे, मसाला संपलाय. तो वर्षभर संपलेलाच होता. उन्हाळ्यात त्याचे केस भादरायला त्यांनी गल्लीतला न्हावी बोलावला. ते केसच त्याला उन्हापासून वाचवतात, असं मी दारात आडवी उभी राहून सांगितलं. मग न्हाव्याला 'आलाच हाईस' म्हणत काकांनी स्वतःचीच दाढी करून घेतली.

पण खरी गंमत संध्याकाळी, दूध कट्ट्यावर. काका म्हशी तिथं नेऊन गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ ग्लास हातात देतात. म्हशीशेजारी बाळू. अनोळखी हात ग्लासाकडं आला की तो उठून मधे उभा राहायचा. भुंकायचा नाही, नुसता बघायचा. पैलवान गडीसुद्धा दोन पावलं मागं. मग काका त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून सांगायचे, "बाळू, हे आपलं हाय." बाळू बसायचा. अर्ध्या पेठेची ओळख अशी करून दिली होती. माझी करून देताना मात्र म्हणाले, "हे बी आपलंच. वराडतंय, पर आपलंच."

यंदाच्या एप्रिलात भर दुपारी बाळू गोठ्यात कोसळला. जीभ बाहेर, डोळे फिरलेले. आम्ही दोघांनी त्याच्यावर पाणी ओतलं, टेम्पोत घालून राजारामपुरीतल्या डॉक्टरांकडं नेलं. वाचला. डॉक्टर म्हणाले, पुन्हा असं झालं तर हाती लागणार नाही. आठवडाभरानं काका स्वतःच म्हणाले, "मलकापूरला अक्काच्या गोठ्यावर बिबट्या येतोय म्हणं. जरा बाळूला धाडतो." बिबट्या तिथं पूर्वीपासून येतोय.

पावसाळा सरल्यावर आम्ही बघायला गेलो. डोंगराचा गार वारा, गळ्यात बिबट्यापासून वाचवणारा काटेरी पट्टा, बाळू अंगानं भरलेला. काकांना बघताच अंगावर आला, त्यांना गवतात पाडलं, चाटून काढलं. मग काका उठून अक्कांच्या नव्या वासराला हात लावायला गेले, आणि बाळू मधे येऊन उभा राहिला. भुंकला नाही. नुसता बघत राहिला.

अक्कांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळू, हे आपलं हाय रं."

बाळू बाजूला झाला. काका वासराला कुरवाळत म्हणाले, "बराबर हाय. कामात वळख न्हाय दावायची." परतीच्या एसटीत काका मलकापूर ते कोल्हापूर बाहेरच बघत होते.

परवा कट्ट्यावर एक नवखा आला. काकांनी ग्लास भरला, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सवयीनं खाली बघितलं. म्हशीशेजारी रिकामी फरशी होती. हात तसाच जरा वेळ राहिला.

"घ्या पावणं," काका म्हणाले, "गार व्हायच्या आत प्या."