धुरा पेटला, पण गोठा वाचला

आंजीच्या गावकऱ्यांनो, आज मी भांडले आहे आणि मला अजिबात वाईट वाटत नाही.

दुपारी ऐन वाऱ्यात शेजारच्या वावरातल्या भाऊजींनी धुरा जाळायला घेतला. बांधावरचं वाळलं गवत ते दरवर्षी असंच जाळतात. बघता बघता आग आमच्या गोठ्याकडे धावत आली.

सासूबाई ओरडल्या, "आधी ढोरं सोड!"

मी गाठी सोडत बसले नाही. गोठ्याच्या खांबाला विळा त्यासाठीच अडकवून ठेवला होता. दोन्ही बैलांची आणि गायीची दावी सपासप कापली. मग आम्ही दोघी कडुनिंबाच्या ओल्या फांद्यांनी आग झोडपत राहिलो.

चुलीसाठी रचलेली कपाशीच्या वाळल्या काड्यांची वर्षभराची पऱ्हाटी जळून खाक झाली. गोठ्याला मात्र नुसती धग लागली. कारण मागच्याच महिन्यात मी तो ढीग गोठ्याच्या भिंतीपासून उचलून दूर कोपऱ्यात नेला होता. तेव्हा सासूबाईंसकट सगळे हसले होते. "चूल पेटवाले एवढ्या दूर जाशीन का वं?"

संध्याकाळी भाऊजी आले. म्हणाले, "वारा फिरला वहिनी, मी काय करू? धुरा तं सारेच जाळते."

मी म्हटलं, "पुढच्या साली काडी लावाच्या आधी मले आवाज देजा. नाई तं मी धुऱ्यावरच बसून राहीन, मंग लावजा."

पुढची पऱ्हाटीही मी दूरच रचणार. हसा खुशाल.

हसून झालं की उठा, आणि तुमच्या गोठ्याच्या भिंतीला काय टेकवून ठेवलंय ते बघून या.