न्याहारीआधीचं भांडण

गावी गेले की सकाळी सकाळी माझं डोकं फिरतं, आणि कारण दर वेळी तेच. आई आंघोळ करून, कपाळाला भस्म लावून बसते. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेते, पाणी घालते, बेल वाहते. आमच्या लिंगायत घरात ही पूजा झाल्याशिवाय ती तोंडात काही घालत नाही. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पण स्वतःची पूजा झाली की ती कोनाड्यातून माझं इष्टलिंग काढते आणि त्याचीही पूजा करते. मी सोडलेलं. तेही मी समोर चहा पीत बसलेली असताना!

ते मी वडिलांच्या मातीच्या दिवशी काढलं. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, हातात त्याचं लिंग देतात आणि घरची माणसं त्याच्यावर बेल-भस्म वाहतात. धाकटी बहीण जातीबाहेर लग्न करून गेलेली. ती बेलाची पानं मुठीत धरून पुढे आली, तर आमच्या घराण्याच्या स्वामीने तिला अडवलं. "तू आता आपल्यातली न्हाईस." लहानपणी आम्हा दोघींच्या गळ्यात लिंग बांधून, आपल्यात जातपात नसते असं शिकवणारा हाच माणूस. मी भांडायला लागले तर चुलत्यांनी दंड धरून मागे ओढलं. माती लोटून होईपर्यंत धाकटी शेताच्या बांधावर उभी होती. आई एक शब्द बोलली नाही.

धर्म सोडला की सुटल्यासारखं वाटेल, असं मला वाटलं होतं. कसलं काय! मी राहते तिथे, परभणीच्या बाजारात कुणाच्या कपाळावर भस्माचे पट्टे दिसले तरी जीव जळतो, आणि तो बिचारा नुसती मेथी घेत असतो. देव मानत नाही, मग चिडते कुणावर? स्वामी काही माझ्या तोंडी लागत नाही. मग सगळं आईवर निघतं. हे मला कळतं, पण थांबवता येत नाही.

मागच्या रविवारी तर कहरच झाला. आईला शुगरच्या गोळ्या सुरू झाल्यात, उपाशी राहू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलंय. तरी बाई दुसऱ्या पूजेला बसली. मी ओरडलेच.

"ठेव ते! माझ्यापायी उपाशी मरायलीस का?"

"झालंच बग."

"त्या दिवशी तोंड उघडलं न्हाईस. धाकटीला स्वामीनं हाकललं, अन् तू अजून त्याच्याच पाया पडतीस!"

आईने बेल वाहिला. लिंग कापडात गुंडाळून कोनाड्यात ठेवलं. मग माझ्याकडे वळली.

"तवा बोलता आलं न्हाई, माय. तुह्या बापाला तसंच बसवून ठिवून कशी भांडू? आता माझी पाळी यील. तवा मी बी बसलेलीच असंन, मला बोलता यायचं न्हाई. धाकटीचा बेल माह्या अंगावर पडला पायजे. स्वामी आडवे येतील. तवा भांड. लय भांड. रोज सकाळी माझ्यावर काढून संपवू नको."

मला असला संताप आला! ज्या खड्ड्यापासून मी पळाले, तिथेच हिला मला उभं करायचंय. तेही बेल-भस्मासाठी, ज्यावर माझा काडीचा विश्वास उरलेला नाही.

"आणशील ना तिला?"

"आणीन," मी म्हटलं.

तेव्हा कुठे तिने भाकरीचा तुकडा मोडला.