पत्र्याचे तुकडे घेऊन फोन घ्यायला गेलो तेव्हा

टेम्पोवाल्याने दारं उतरवली आणि मालाचं चलन माझ्या हातात दिलं. चलनावर पेनाने एकच शब्द लिहिला होता, रिजेक्ट. खाली आमचे गिऱ्हाईक जिग्नेशभाई यांची सही.

दारं म्हणजे घराची नव्हेत. दवाखान्यात औषधं ठेवायला पत्र्याची कपाटं असतात, त्यांची दारं. एकशे चाळीस. चार दिवसांपूर्वी मीच मोजून, मध्ये फोम घालून भरून दिली होती. आता ती पुन्हा आमच्याच दारात उभी होती.

वसईजवळ वालीवला आमचं पावडर कोटिंगचं शॉप आहे. शॉप म्हणजे दुकान नाही, छोटा कारखाना. लोखंडी मालाला रंग देतो, पण ब्रशने नाही. माल आधी टाक्यांमध्ये धुतात. मग वाळवून हुकाला टांगतात आणि गनने त्यावर कोरडी पावडर मारतात. करंटमुळे पावडर पत्र्याला चिकटून बसते. शेवटी माल ओव्हनमध्ये जातो. तिथे पावडर वितळते आणि रंग पक्का होतो. मी सुरुवातीला मास्किंगला होते, म्हणजे जिथे रंग नको त्या भोकांना टेप लावायची. आता शेड, म्हणजे रंगाची छटा, आणि डिस्पॅच बघते. पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, कुठला रंग हवा, तो आला का, माल कधी गेला, हे सगळं माझ्याकडे.

तेवढ्यात सरांचा, म्हणजे आमचे मालक ग्रेगरी सरांचा, फोन वाजला. जिग्नेशभाई होते. सरांनी स्पीकर लावला आणि फोन माझ्यासमोर धरला.

"मॅडम, मी दूध मागितला. तुम्ही चहा पाठवला."

"भाई, पहिल्या पीसचा फोटो पाठवला होता. तुम्ही ओके टाकलं."

"फोटोमध्ये दूध होता, म्हणून ओके टाकला. टेम्पोमधून चहा निघाला. डॉक्टर मला विचारते, कपाट नवीन आहे की सेकंडहँड? सोमवारपर्यंत देता तर बोला. नायतर मी भिवंडीला करून घेतो. आणि मग पुढचा काम पण तिकडेच."

सर म्हणाले, "देतो, देतो." फोन ठेवला आणि ओव्हनकडे बघितलं.

ओव्हनकडे का, ते सांगते. पांढरा किंवा क्रीम रंग ओव्हनमध्ये जास्त वेळ राहिला की पिवळा पडतो, दूध आटवल्यासारखा. त्यामुळे ऑफ-व्हाइट मालाची पिवळा म्हणून तक्रार आली की आमच्या लाइनीत सगळे आधी ओव्हनवाल्याकडे बघतात. पुढचं नंतर.

आमचे ओव्हनवाले म्हणजे इनासकाका. पाचूबंदरचे कोळी. तरुणपणी बोटीवर होते, मग गुडघ्याने साथ सोडली आणि इकडे आले. ओव्हनवर त्यांना अकरा वर्षं झाली.

"इनास, माल किती वेळ ठेवलेला?" सरांनी विचारलं.

"बारा मिनटं. दोनशेवर. वहीत लिवलाय."

"वहीत काय, कोणीही लिहील."

 काकांनी हातातले ग्लोव्हज काढले आणि ओव्हनच्या पॅनेलवर ठेवले.

सर म्हणाले, "सोमवारपासून तुम्ही लोडिंगला या. ओव्हनला मी दुसरा माणूस बघतो."

"चालंल," काका म्हणाले. "म्हावऱ्याच्या टोपल्या उचलल्यात. दारं काय त्यापरीस जड?"

त्या गुडघ्याने त्यांनी लोडिंग एक आठवडासुद्धा केलं नसतं. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं. सरांना बहुतेक त्या क्षणी आठवलं नाही.

मग सर माझ्याकडे वळले. "आणि सुनंदाबाई, संध्याकाळी ऑफिससाठी दोन फोन घेऊन येतो. माझ्यासारखेच. निदान फोटो तरी नीट जातायत आपले."

इथे मला फोनचं सांगायला हवं. ऑफिसचा जुना फोन आठ दिवसांपूर्वी माल धुवायच्या फॉस्फेटच्या टाकीत पडला होता. माझ्याच हातून. मी टाकीच्या काठावर उभी राहून पार्टीला गाडी नंबर सांगत होते आणि फोन घामाच्या हातातून सुटला. काढला तेव्हा तो हुकावरच्या मालापेक्षा स्वच्छ झाला होता, पण चालू झाला नाही. सर ओरडले नाहीत. "होतं," म्हणाले, आणि फोटोपुरता स्वतःचा फोन मला देऊ लागले. त्या आठ दिवसांत मी सरांचा फोन दोन्ही हातांनी धरायची, देवाचं ताट धरतात तसा.

सर इथल्याच नंदाखाल गावचे. घरची केळीची वाडी आहे. फोन त्यांच्या मुलीने कॅनडाहून आणलेला. सर रोज सकाळी वाडीतल्या केळींचा फोटो काढून स्टेटसला ठेवतात. त्या फोनमध्ये केळी इतकी हिरवी येतात, की मी एकदा कामासाठी त्यांच्या घरी गेले तेव्हा मला वाटलं, वाडीला पाणी कमी पडतंय.

तर दुपारच्या जेवणाला मी डबा उघडलाच नाही. मी हिंगोलीकडची. शाळा सातवीत सुटली. इकडे आले तेव्हा कुठल्याही गेटवर आधी दाखला मागायचे. ग्रेगरी सरांनी मागितला नाही. "टेप सरळ लावता येते का?" एवढंच विचारलं. आणि शेड बघायला मला शिकवलं ते इनासकाकांनी. उजेडाकडे पाठ करून बघ, रंग ओला असल्यासारखा दिसतो तोवर बोलू नको, दोन तुकडे एकमेकांना चिकटवून बघ. आता एकाचं खरं करायचं तर दुसऱ्याला खोटं पाडावं लागणार होतं. शिवाय ओव्हनची चूक नसेल तर उरलं काय? पावडर मी काढलेली. फोटो मी काढलेला. मी गप्प बसले असते तर मला कोणी काही विचारलं नसतं, हेही खरं.

पण पहिल्या पीसचं डोक्यातून जाईना.

पहिला पीस म्हणजे असं. पूर्ण लॉट चालवण्याआधी एकच दार रंगवून भाजायचं, त्याचा फोटो पार्टीला पाठवायचा, ओके आलं की बाकीचं चालू. ते दार मग बाकीच्यांबरोबरच पॅक होतं. मला विसरायची भीती वाटते, म्हणून मी पहिल्या पीसला आतून टेपचा तुकडा लावते आणि त्यावर १ लिहिते. ओव्हनने लॉट करपवला असेल, तर फोटो काढलेलं पहिलं दार पांढरं असायला हवं आणि नंतरची पिवळी. एवढा साधा हिशेब.

मी दारांचं पॅकिंग उघडायला लागले. काका डबा बाजूला ठेवून आले.

"काय शोधते, पोरी?"

"पहिलं दार."

 दुसऱ्या टोकापासून तेही उघडायला लागले. एकशे नवव्या दाराला टेप सापडली. आम्ही ते बाहेर नेलं आणि लॉटमधल्या दुसऱ्या एका दाराला चिकटवून उजेडाकडे पाठ केली.

दोन्ही क्रीम. जराही फरक नाही.

"करपला नाय," काका म्हणाले. "पयल्यापासून चहाच हाय."

मी सरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, तुमचा फोन पाच मिनिटं मिळेल का?"

सरांनी दिला, पण टाकीकडे एक नजर टाकून दिला.

ज्या टेबलावर, ज्या ट्यूबखाली चार दिवसांपूर्वी फोटो काढला होता, तिथेच ते दार ठेवलं. फोटो काढला. फोनमध्ये दार दुधासारखं आलं. मग बाहेर उजेडात नेऊन पण एक काढला. फोन दारावरच आडवा ठेवला. वर दूध, खाली चहा. तसंच दार आणि तसाच फोन घेऊन केबिनमध्ये परत गेले. दार काकांनी धरलं होतं, फोन मी.

"सर, हे पहिलं दार. ज्याचा फोटो गेला ते."

सरांनी बघितलं. मग चष्मा लावून बघितलं.

"ट्यूबमुळे असेल."

"बाहेर पण काढून बघितला सर. बाहेर तर अजून पांढरा येतो."

"एवढा महाग फोन आहे, सुनंदाबाई."

"म्हणूनच असेल सर. तो फोटो चांगला करून देतो. माणसाचा काढला तर माणूस गोरा होतो. दाराचा काढला तर दार."

 सरांनी गॅलरी उघडली आणि सकाळचा केळींचा फोटो समोर घेतला.

"म्हणजे माझी केळी पण?"

"केळी चांगलीच आहेत सर. फोनमध्ये जरा जास्त चांगली आहेत."

काका दाराच्या मागे होते, त्यामुळे त्यांचा चेहरा दिसला नाही.

"मग चूक कोणाची झाली?" सरांनी विचारलं.

"फोटोची. आणि फोटो मी काढला होता. दार समोर असताना मी फोनकडेच बघितलं."

"फोन माझा होता," सर म्हणाले. मग उठले, ओव्हनपाशी गेले, पॅनेलवरचे ग्लोव्हज उचलून काकांना दिले. "इनास, ओव्हन गरम आहे ना?"

"गरमच हाय. बंद कर म्हनून कोन बोललाच नाय."

आमच्याकडे माफी अशीच मागतात आणि अशीच देतात.

आमच्या शेड कार्डावर चार ऑफ-व्हाइट आहेत. जिग्नेशभाईंनी दुधासारखा एवढंच सांगितलं होतं, म्हणून मी त्यातला एक काढून फोटोवर ओके घेतलं होतं. आता सर्वांत पांढरी पावडर मारून पत्र्याचा एक तुकडा भाजला आणि या वेळी फोटो न पाठवता टेम्पोवाल्याच्या हातात तुकडाच पाठवला. जिग्नेशभाईंचा लगेच फोन. "हां, हा दूध." दारांना पेपर मारून, म्हणजे घासून, परत रंग द्यायला शनिवार-रविवार लागले. रविवारी काका चर्चमधली सकाळची मिस्सा करून थेट ओव्हनवर आले.

पण फोन हवाच होता. पार्ट्या रोज विचारतात, माल कुठे आहे, गाडी निघाली का, रंग कसा आला. सर म्हणाले, "आता तुम्हीच निवडा. मी नाही येत. मला आवडतो तो कामाचा नसतो."

मला मोबाईल दुकानात जायचं म्हणजे दवाखान्यात गेल्यासारखं होतं. समोरचा बोलतो ते अर्धं कळत नाही आणि मान डोलवावी लागते. म्हणून मी काकांना बरोबर घेतलं आणि पिशवीत सहा शेडचे पत्र्याचे तुकडे घेतले. चार ऑफ-व्हाइट, एक राखाडी, एक निळा. वर एक कोरा कागद.

दुकानदाराने काउंटरच्या काचेवर ते तुकडे मांडलेले बघितले.

"ताई, फोन बघायचाय की किचन लावायचंय?"

"फोन. पण याचे फोटो काढून बघायचेत."

"त्यापेक्षा सेल्फी काढून बघा ना. हा बघा, कॅमेरा काय आहे." त्याने माझा आणि काकांचा एक फोटो काढला. मी सणाला असते तशी दिसत होते. काका तर लग्नाला उभे असल्यासारखे.

"हा मी नाय," काका म्हणाले आणि फोन परत दिला.

"काका, यात स्किन स्मूथ होते."

"मंग हा नको."

मी एकेक फोन घेऊन तेच सहा तुकडे, तोच कागद, आधी ट्यूबखाली आणि मग दुकानाच्या दारात, असे फोटो काढले. सात फोन झाले. एकही पूर्ण खरा निघाला नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. एकात चारही ऑफ-व्हाइट सारखेच आले. एकात राखाडी निळा झाला. पाचवा फोन साधा होता, कोपऱ्यात ठेवलेला. त्यात चार ऑफ-व्हाइट चार वेगवेगळे दिसले. दुकानदाराने सेटिंगमध्ये जाऊन फोटो आपोआप सुधारणारं बटण बंद करून दिलं, तेव्हा अजून बरं झालं.

काकांनी फोन तुकड्याशेजारी धरला. "हा त्यातल्या त्यात कमी खोटा बोलतो."

"काका, याचा कॅमेरा साधा आहे हं," दुकानदार म्हणाला. "कोणी घेत नाही कॅमेऱ्यासाठी."

"आम्ही घेतो," मी म्हटलं.

बाकीचं पण बघितलं. शॉपमध्ये ब्लोअरचा आवाज असतो, म्हणून काकांना फोन देऊन रस्त्यावर रिक्षांच्या रांगेत उभं केलं आणि रिंग दिली. त्यांना ऐकू आली. आमच्या बोटांना पावडर लागलेली असते, म्हणून बोटावर तुकड्याची धूळ घासून लॉक उघडतं का बघितलं. उघडलं नाही, तेव्हा आकड्यांचं लॉक ठेवलं. चार्जिंगच्या भोकाला रबरी झाकण असलेलं कव्हर घेतलं. दोन सिम चालतात का विचारलं, कारण जुना नंबर पार्ट्यांना पाठ आहे आणि तो सोडून चालत नाही. आणि गळ्यात अडकवायची दोरी. ती काकांनी मागितली. टाकीचं नाव त्यांनी काढलं नाही.

सोमवारी जिग्नेशभाई स्वतः आले. दारं बघितली, हात फिरवला. मी नव्या फोनमधून फोटो त्यांना पाठवला आणि दोघांचे फोन शेजारी ठेवले. एकच फोटो, पण त्यांच्या स्क्रीनवर वेगळा पांढरा आणि माझ्या स्क्रीनवर वेगळा. ते बघून त्यांनी डोकं खाजवलं.

"म्हणजे मी पण खोटाच बघत होतो?"

"तुमचा फोन, भाई. तुम्ही नाही."

तेव्हापासून आमच्याकडे नियम झाला. फोटो फक्त माल तयार आहे हे सांगायला. रंगाला ओके फक्त तुकड्यावर, मागे पार्टीची सही. एक तुकडा त्यांच्याकडे, एक आमच्या ड्रॉवरमध्ये. जिग्नेशभाईंची पुढची कपाटं आमच्याकडेच आली. इनासकाका ओव्हनवरच आहेत. सरांनी दुसरा माणूस बघितला नाही आणि त्यांच्यासारखे दोन फोनही घेतले नाहीत. केळींचा फोटो मात्र रोज टाकतात. आम्ही सगळे अंगठा देतो.

कोणी धंद्यासाठी फोन घ्यायला निघालं आणि मला विचारलं, तर मी एवढंच सांगते. दुकानात जाताना तुमचा माल बरोबर न्या. चेहरा नेला नाही तरी चालेल. तो सगळ्याच फोनमध्ये चांगला येतो.