स्टेअरिंगला आग न्हाई

गाडी दुकानात आली की मिस्त्री आधी काही बोलायचे नाहीत. पुढचं चाक जॅकवर उचलायचे, घड्याळात बारा आणि सहा असतात तिथं टायर दोन्ही हातांनी धरायचे आणि एखाद्याची मान धरून हलवावी तसा गदागदा हलवायचे. मग नऊ आणि तीनवर धरून पुन्हा. डोळे मिटलेले असायचे. चाकात ढील किती आहे आणि ती नेमकी कुठून येते, हे त्यांच्या बोटांना कळायचं. मग डोळे उघडून म्हणायचे, "चूडू." ते बिलोलीकडचे, तिकडं बोलण्यात तेलुगू सहज येतं. चूडू म्हणजे बघ.

असे चाकाला हात लावून दुखणं सांगणारे मिस्त्री तुम्हीही पाहिले असतील. गिऱ्हाइकाला मारणारे फारसे पाहिले नसतील. आमचे मारायचे.

निलंग्याचा एक जीपवाला आला होता. जीपमध्ये माणसं कोंबून आणलेली, आणि स्टेअरिंगच्या दांड्याचा सांधा बाइंडिंगच्या तारेनं बांधलेला. मिस्त्रींनी ती तार पक्कडीनं सोडवली, त्याच्या हातात ठेवली, आणि गालावर अशी वाजवली की उतारू आपणहून जीपमधून उतरले. मग नवा सांधा बसवून दिला. जाताना त्याला म्हणाले, "च्या पिऊन जा. गाल दुखत असंल तर माठात गार पाणी हाय." तो माणूस पुढं कायम त्यांच्याकडंच यायचा. मारलेली माणसं परत यायची, हे मला तेव्हा गमतीचं वाटायचं.

माझी त्यांची ओळख बहात्तरच्या दुष्काळातली. मी विशीत होतो, वडिलांच्या वेल्डिंगच्या दुकानात बसायचो. मिस्त्री पाण्याच्या टँकरांची दुरुस्ती बघायचे. एका टँकरच्या स्टेअरिंगच्या दांड्याला तडा गेला होता, तो मी भरून दिला. जोड सुंदर झाला होता, अजून डोळ्यांपुढं आहे. मिस्त्रींनी तो पाहिला, हॅकसॉ मागितला, माझ्या देखत बरोबर जोडावर दांडा कापला आणि मला थोबाडीत दिली.

"स्टेअरिंगला आग न्हाई," ते म्हणाले. "ध्यानात ठेव."

दुपारी दुष्काळी कामावर वाटलेली सुकडी खाताना त्यांनी कारण सांगितलं. देगलूरच्या रस्त्याला असाच भरलेला दांडा तुटला होता आणि टँकर पाण्यासाठी उभ्या असलेल्या बायांच्या रांगेत गेला होता. "घागरी चपट्या झाल्या," ते म्हणाले. "मी घागरीच म्हणतो. बाकीचं तू समज. तापवलेलं लोखंड वरून तसंच दिसतंय बाबा, आतून मेलेलं असतंय."

पुढं त्यांनी लातुरात नांदेड रोडला गॅरेज टाकलं आणि मी त्यांच्या आवारातच वेल्डिंगचं शेड घातलं. मडगार्ड, सायलेन्सर, चासी, सगळी आग माझी. स्टेअरिंग तेवढं त्यांचं. त्या दहा वर्षांत मीही त्यांच्या हातचा मार खाल्ला. पान्हा फेकून मारायचे, चुकवला तर तोच आणून द्यायला सांगायचे. दुपारी मात्र माझ्याच डब्यातून खायचे. मी लिंगायत, ते बौद्ध. तेव्हा आमच्या बाजूचे काही लोक त्यावरून मला बोलायचे. मी हसून सोडून द्यायचो. एवढंच माझं धाडस.

लातूर जिल्हा झाला त्या वर्षी ती गाडी आली. लांब नाकाची, दोन माणसांची, बिनटपाची विलायती गाडी. हैदराबादच्या कुठल्या नवाबाच्या वारसाकडून आमच्या इथल्या एका आडत शेठनं घेतली होती. जिल्हा झाल्याच्या मिरवणुकीत ती स्वतः चालवायची, हा शेठचा हट्ट. पण गाडीचं स्टेअरिंग अर्ध्याच्या वर फिरवलं तरी चाकाला पत्ता नाही, आणि पुढचे शॉकअॅब्सॉर्बर असे की ब्रेक लावला की गाडी नाक मातीत खुपसायची.

मिस्त्री त्या गाडीपुढं सबंध सकाळ उकिडवे बसून राहिले. मग त्यांनी पुढची बाजू पार सोडवली. किंगपिनचे, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचे, नवे पितळी बुश लेथवर कातून आणले. जुने शॉकअॅब्सॉर्बर काढून नळीचे बसवले. स्टेअरिंगचा जुना डबा फेकून एका भंगारातल्या गाडीची रॅक बसवली, म्हणजे दातेरी दांडा, जो हात हलला की लगेच चाक हलवतो. तीन आठवडे त्यांनी कुणाला मारलं नाही. एकदा त्या गाडीच्या खालून त्यांचं गुणगुणणं ऐकू आलं, तेव्हा आम्ही सगळे कामं थांबवून बघत राहिलो.

चाचणीला एकच खोट निघाली. खड्डा आला की चाकं आपोआप वळायची. रॅकचा दांडा चाकाच्या आर्मला तिरपा जात होता. आर्म म्हणजे चाकाला वळवणारा लोखंडी हात. त्याचं टोक पाऊण इंच खाली यायला हवं होतं.

"नवा आर्म घडवून आणतो हैदराबादेवरून," मिस्त्री म्हणाले. "आठ-दहा दिवस."

"मिरवणूक रविवारी हाय मिस्त्री," शेठ म्हणाला.

"मग मिरवणूक पुढं ढकला."

मी मध्ये बोललो. "तापवून वाकवू की. दहा मिनिटांचं काम हाय."

शेठसमोर, शेठच्या ड्रायव्हरसमोर, दुकानातल्या सगळ्या माणसांसमोर मिस्त्रींनी मला मारलं. मी तिशीचा होतो, दोन लेकरांचा बाप. शेठचा ड्रायव्हर हसला. त्याचं ते हसणं मी विसरलो नाही. पुढं जे घडलं त्यात त्या हसण्याचा वाटा आहे, म्हणून सांगतो.

मिस्त्री त्याच दिवशी हैदराबादला गेले. जाताना दुकानाची चावी माझ्याकडं दिली. दुसऱ्या दिवशी शेठ आला. म्हणाला, "तू म्हणला होतास नव्हं, दहा मिनिटं?" मी त्याच्याकडून काही घेतलं नाही. मला फक्त दाखवायचं होतं. आर्म काढला, लाल केला, वाकवला. वाकताना वळणापाशी केसाएवढी चीर पडली. ती मी भरली, कानशीनं घासली आणि काळा रंग मारला. गाडी चालवून पाहिली. खड्ड्यावर हूं की चूं नाही. मी एकटाच हसलो.

रविवारी दुपारी मिरवणूक निघाली. पुढं बँड, मागं फुलांनी भरलेली ती गाडी, शेठ चालवतोय, ड्रायव्हर बाजूनं चालत लोकांना हटवतोय. मी गर्दीत होतो. चौकाच्या अलीकडं मिस्त्री दिसले. आठ-दहा दिवसांचं काम आधीच उरकून, उदगीरकडून आलेल्या एसटीतून उतरून थेट तिथंच आले असावेत, काखेत कापडात गुंडाळलेला नवा आर्म होता. गाडी पाहिली आणि ते धावत सुटले. "थांबव, थांबव रं," ओरडत गाडीच्या बाजूनं पळत होते. लोकांना वाटलं, म्हातारा नाचायलाच आलाय. एकानं त्यांच्या तोंडाला गुलाल फासला.

चौकात शेठनं गाडी वळवली. आर्म तुटल्याचा आवाज मला ऐकू आला, बँडमधूनही. एक चाक वळलं, एक सरळ राहिलं. शेठचा पाय घाबरून ब्रेकऐवजी भलतीकडं पडला आणि गाडी बँडमध्ये घुसली. सनईसारखं इंग्रजी वाद्य वाजवणारा एक माणूस गाडी आणि पाण्याच्या हौदाची भिंत यांच्यात सापडला. वाद्य त्याच्या तोंडातच होतं. सगळीकडं गुलाल असल्यानं रक्त आधी कुणाला दिसलं नाही.

मिस्त्री गाडीखाली वाकले होते. ते उठायच्या आत शेठ ओरडला, "ह्यानं केलंय. स्टेअरिंग ह्यानं बदललंय."

मग गर्दी त्यांच्यावर पडली. काठ्या, झेंड्यांचे बांबू, बँडवाल्यांची पितळी वाद्यं. त्यांच्या वस्तीचं नाव शिवीसारखं ओरडलं गेलं, आणि ते ओरडणारे सगळेच काही मेलेल्या माणसासाठी रडत नव्हते. मिस्त्री पालथे पडले. हातांनी डोकं झाकायचं सोडून उजवा हात त्यांनी पुढं लांब केला होता, सुटून पडलेल्या त्या नव्या आर्मकडं.

कुणीतरी माझी कॉलर धरली. "ह्यो बी त्याच्याच दुकानातला न्हवं?"

"मी न्हाई," मी म्हणालो. "मी वेल्डर हाय."

"मग हान की."

मी त्यांच्या हातावर पाय दिला. बुटाचा. एकदा नाही, दोनदा. वाळल्या तुराट्यांवर पाय पडावा तसा आवाज झाला. कॉलर सुटली. एवढंच.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाले, "गाडी माझ्या दुकानातून गेली. जिम्मा माझा." त्यांना सहा महिन्यांची शिक्षा झाली. मी एकदाही भेटायला गेलो नाही.

सुटल्यावर ते सरळ माझ्या शेडमध्ये आले. उजव्या हाताची बोटं आकड्यासारखी वाकून आखडलेली. मला वाटलं, आता डाव्या हाताची बसणार. ते म्हणाले, "चल. मला हात पाहिजेत."

तेव्हापासून चाक मी धरायचो. बारा आणि सहा, मग नऊ आणि तीन. ते शेजारी डोळे मिटून उभे राहायचे आणि विचारायचे, "काय लागतंय?" मी सांगायचो, बुशातली ढील आहे, बेअरिंगची आहे. अकरा वर्षं रोज तो प्रश्न. मी त्यांना चाकाबद्दल कधी खोटं सांगितलं नाही. दुपारी त्यांच्या बोटांना तीळतेल चोळायचं कामही माझ्याकडं आलं. ते आता कुणाला मारत नव्हते. मारता येत नव्हतं. गिऱ्हाइकं म्हणायची, मिस्त्री निवळले.

नंतर दम्यानं ते खाटेला लागले. दुकान मुलाकडं गेलं. मी तेल घेऊन त्यांच्या घरी जायचो. एका दुपारी, हात चोळता चोळता, मी म्हणालो, "मिस्त्री, तो आर्म मी तापवला होता."

"ठाऊक हाय," ते म्हणाले. "गाडीखाली वाकलो तवाच रंग खरवडला. लोखंड निळं पडलेलं."

"मग बोलला का न्हाईत?"

"चावी तुझ्यापाशी कोण ठेवून गेलं? चारचौघांत मारून, वर चावी बी दिली. मला कळाया पाहिजे होतं." थोडा वेळ त्यांना दम लागला. मग हसले. "आन तुला सोडलाय व्हय मी? तुझे हात वापरले की इतकी वर्षं."

माझ्या छातीवरचं ओझं उतरत होतं. तुम्हाला खरं सांगतो, मला रडू येत होतं. तेवढ्यात ते आपल्या बोटांकडं बघत म्हणाले, "चूडू. येवढंच कळलं न्हाई. हातावर पाय कुणी दिला ते दिसलं न्हाई. पालथा होतो. शेठचा ड्रायव्हर असंल. लई हसायचा तो."

त्यांचं मधलं बोट माझ्या तेलकट चिमटीत होतं.

"असंल," मी म्हणालो. आणि चोळत राहिलो.

त्यानंतर ते फार दिवस राहिले नाहीत. वस्तीत घरापुढं त्यांना पांढऱ्या कापडात ठेवलं होतं, बुद्धवंदना सुरू व्हायची होती. उजवा हात कापडात सरळ बसत नव्हता, तेवढीच जागा वर उचललेली दिसत होती. तेव्हा शेठचा ड्रायव्हर आला. तोही म्हातारा झालेला. हात जोडून खाटेपाशी जाऊ लागला, तर मिस्त्रींचा मुलगा उठला. त्या दुपारी घरात शिरताना बापाचं ड्रायव्हरबद्दलचं बोलणं तेवढं त्यानं ऐकलेलं होतं. त्यानं ड्रायव्हरला ढकललं, आणि थेट बापासारखी वाजवली.

"माझ्या बापाची बोटं मोडून हात जोडाया आलास व्हय?"

आणखी दोघंतिघं धावले. म्हाताऱ्याचा सदरा फाटला, ओठ फुटला. मी चार पावलांवर उभा होतो. तोंड उघडलं असतं तर पुरलं असतं. मी उघडलं नाही. ड्रायव्हर अजून आहे, उदगीरला मुलीकडं राहतो, आणि या वस्तीत त्याचं नाव अजूनही तसंच घेतलं जातं. ते नाव माझं आहे. मिस्त्रींच्या मुलाला मी आज हाच कागद नेऊन देणार आहे. आधी तुमच्यापुढं ठेवला, कारण एकदा लिहिलेलं मला मागं घेता येणार नाही.

त्या दिवशी ड्रायव्हरनं पडलेली चप्पल उचलली, ओठ पुसला आणि जाता जाता माझ्यापाशी थांबला. मिरवणुकीत तो गाडीच्या बाजूनं चालत होता, हे मी विसरलो होतो.  त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं नाही. खाली माझ्या पायांकडं पाहिलं, आणि निघून गेला.